‘कळलं का?’ विचारणं सोडून द्या

पायावर सूज घेऊन आलेले एक आजोबा आठवडाभर आमच्या वॉर्डात होते. घरी जायच्या दिवशी मी त्यांना कागद वाचून दाखवला, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि शेवटी म्हटलं, ‘आजोबा, दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-अर्धा तास पाय वर घेऊन बसायचं बरं का. कळलं का?’ ते म्हणाले, ‘कळलं, सिस्टर.’ आठ दिवसांनी दाखवायला आले तेव्हा सूज कमी व्हायच्या ऐवजी चार बोटं वर चढलेली. गोळ्या वेळेवर घेत होते. ‘आणि पाय?’ मी विचारलं. ‘घेतो की वर,’ असं म्हणून ते तपासणीच्या टेबलावर चढले, दोन्ही पाय वर घेतले, मस्त मांडी घातली आणि माझ्याकडे बघून हसले.

पाय वर घेऊन बसणं म्हणजे मराठीत आणखी काय असतं? मला म्हणायचं होतं की आडवं पडा, पायांखाली दोन उशा घ्या, पाय छातीपेक्षा उंच राहू द्या. ती उशी माझ्या डोक्यात होती, तोंडातून बाहेर आलीच नव्हती. आजोबांनी मात्र आठ दिवस इमानेइतबारे माझा शब्दन्‌शब्द पाळला होता.

एकतीस वर्षं मी वॉर्डात काम केलं, त्यातली शेवटची बारा इन्चार्ज म्हणून. नव्या मुलींना इंजेक्शन द्यायला शिकवणं सोपं होतं. बोलायला शिकवणं अवघड, कारण बोलता येतं असं प्रत्येकीला आधीच वाटत असतं. त्यांना जे शिकवायचे ते इथे लिहिते आहे. दवाखान्याशी तुमचा संबंध नसला तरी चालेल. आई-मुलगा, साहेब-कारकून, नवरा-बायको, कोणाच्याही मध्ये अडथळे हेच असतात.

सुरुवात करायची ती ‘कळलं का?’ हा प्रश्न बंद करण्यापासून. या प्रश्नाला एकच उत्तर आहे. ‘नाही’ म्हणणारा माणूस स्वतःला मंद ठरवतो, समोरच्याचा वेळ खातो आणि त्याला शिकवता आलं नाही असंही सुचवतो. एवढं सगळं कोण अंगावर घेईल? त्यामुळे ‘हो’ येतं. शिवाय आजोबांसारखे लोक खरंच प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. चुकीचं कळलेलं असतं तेव्हा चुकीचं कळलंय हे आतून जाणवत नाही. बरोबर कळल्यासारखंच वाटतं.

त्याऐवजी समोरच्याकडून परत वदवून घ्या. पण परीक्षा घेतल्यासारखं नको, ओझं स्वतःवर घ्या. माझं ठरलेलं वाक्य असं होतं: ‘मी बरेचदा भराभर बोलते. नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ हे वाक्य पाठ करा, आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्या. शेवटचं ‘सूनबाईंना काय सांगाल’ महत्त्वाचं आहे. ‘मी काय म्हटलं ते सांगा’ म्हटलं की माणूस तुमचेच शब्द पोपटासारखे परत देतो आणि ‘पाय वर घेऊन बसायचं’ हे वाक्य जसंच्या तसं तुमच्याकडे येतं. तिसऱ्या माणसाला सांगायचं म्हटलं की त्याला स्वतःचे शब्द वापरावे लागतात. जिथे हाताने करायचं काम असेल तिथे बोलणंही सोडा आणि ‘जरा करून दाखवा’ म्हणा. आजोबांना मी तेव्हा एवढं म्हटलं असतं तर मांडी तिथेच दिसली असती.

हे शेवटी, सगळं सांगून झाल्यावर, एकदम विचारू नका. दोन-तीन गोष्टी सांगितल्या की थांबा, वदवून घ्या, मग पुढे जा. रॉय केसल्स यांनी 2003 साली या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र मांडले, त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती पेशंट लगेच विसरतात आणि जी आठवते तिच्यातली जवळजवळ निम्मी चुकीची आठवते असं दिसलं होतं. मी ते खूप उशिरा वाचलं. वाचून धक्का वगैरे बसला नाही, आठवड्याच्या आठवड्याला तेच बघत होते.

आणि परत सांगताना चूक निघाली तर तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणू नका. ते वाक्य एकदा फसलंय. दुसरं घ्या.

आपल्याला माहीत असणं हाच अडथळा

1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काहींना सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं वाजत असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. तुम्हीही घरी करून बघा, पाच मिनिटांचा खेळ आहे. समोरच्याला इतकं सोपं गाणं कसं ओळखता येत नाही याची जी चिडचिड होईल ती नीट लक्षात ठेवा. मुलाला गणित समजावताना किंवा वडिलांना मोबाइल शिकवताना होते ती हीच चिडचिड.

माझी उशी म्हणजे ते डोक्यातलं गाणं. उपाय काय? आपल्याला जे माहीत आहे ते विसरता तर येत नाही. पण बोलायच्या आधी आपल्या वाक्यातले मोघम शब्द पकडता येतात. ‘भरपूर पाणी प्या’: भरपूर म्हणजे किती तांबे? ‘थोडं चाला’: दारापर्यंत की चौकापर्यंत? ‘त्रास झाला तर लगेच या’: त्रास म्हणजे काय, आणि लगेच म्हणजे आज रात्री की सोमवारी? ‘गोळी दिवसातून दोनदा’ हे ऐकून सकाळीच दोन्ही गोळ्या घेऊन मोकळे होणारे मी पाहिलेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. जिथे ‘जरा’, ‘थोडं’, ‘नीट’, ‘लवकर’, ‘व्यवस्थित’ येईल तिथे थांबून आकडा, वेळ किंवा वस्तू घाला. ‘फाइल लवकर पाठव’ म्हणण्यापेक्षा ‘फाइल चारच्या आत पाठव’.

अवघड शब्द वापरू नका असं सगळेच सांगतात. माझा अनुभव असा की अवघड शब्द तेवढे घातक नसतात, कारण माणूस तिथे अडखळतो, कपाळाला आठी पडते, आपल्याला दिसतं. घातक असतात ते सोपे वाटणारे शब्द, ज्यांचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय’ म्हटल्यावर हात जोडून देवाचे आभार मानणारी आई मी पाहिली आहे. ‘क्रॉनिक’ म्हणजे डॉक्टरांच्या लेखी जुना, रेंगाळणारा आजार. ऐकणाऱ्याच्या लेखी ‘आता काही खरं नाही’. प्रत्येक धंद्यात असे दहा-बारा शब्द असतात. आपले कोणते ते शोधून ठेवा. शोधायची जागा म्हणजे बाहेरच्या माणसाने आजवर आपल्याला चुकीचं समजून घेतलेले प्रसंग.

त्यात आपली मराठीही कमी नाही. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला सगळ्या पेशंटची हकीकत सांगते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. एका संध्याकाळी मी ओव्हर देताना म्हटलं, ‘बेड नऊचं ते इंजेक्शन परवापासून बंद.’ मला म्हणायचं होतं की अजून दोन दिवस द्यायचं, मग बंद. रात्रीच्या सिस्टरने घेतलं की दोन दिवस झाले, बंदच आहे. कागदावर सगळं बरोबर लिहिलेलं होतं, पण रात्री चार नवे पेशंट आले आणि कागद उघडायच्या आधी तिला माझं वाक्य आठवलं. एक डोस चुकला. सकाळच्या राउंडला लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही. बोलणी मात्र तिने खाल्ली. मी तिच्या बाजूने बोलले, पण चूक तिची नसून माझ्या ‘परवा’ची होती हे मला त्या दिवशी दुपारी घरी आडवं पडल्यावर सुचलं. त्यानंतर मी ‘परवा’ हा शब्द कामात वापरलेला नाही. वार आणि तारीख. ‘गुरुवारी, 14 तारखेला, सकाळचा डोस देऊन बंद.’

आकड्यांचंही तसंच. फोनवर सात, आठ, साठ एकच ऐकू येतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी स्वतः गोंधळले आहे. सुटे आकडे सांगा: ‘साठ, म्हणजे सहा-शून्य.’ ऐकणाऱ्याने लिहून घ्यावं आणि लिहिलेलं वाचून दाखवावं. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांच्यात ही वाचून दाखवायची शिस्त सक्तीची असते, तिथे कोणाला त्यात अपमान वाटत नाही. एकक सांगायला विसरू नका. मंगळाकडे पाठवलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान 1999 साली नष्ट झालं, कारण एका गटाचं सॉफ्टवेअर आकडे पौंडाच्या हिशोबात देत होतं आणि दुसरा गट ते न्यूटनच्या हिशोबात वाचत होता. दोन्हीकडे हुशार माणसं. आकडा पोचला, त्याचं एकक मागे राहिलं.

वरच्या माणसापुढे जीभ जड होते

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा हाच आणि शिबिरांमध्ये सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्यावर.

27 मार्च 1977. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर धुकं होतं. दोन जंबो विमानं, एक केएलएम कंपनीचं आणि एक पॅन अॅम कंपनीचं, एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता ‘टेक-ऑफ’ला आहोत. याचा अर्थ ‘सुटायच्या जागी उभे आहोत’ असाही होतो आणि ‘सुटलो’ असाही. कंट्रोल टॉवर म्हणाला ‘ओके’, आणि पाठोपाठ ‘थांबा, मी सांगतो’. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमही बोलत होतं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एकाच वेळी दोघे बोलल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी ऐकू गेली आणि दोन्ही महत्त्वाची वाक्यं तिच्यात बुडाली. ‘ओके’ मात्र स्वच्छ पोचलं. केएलएमचं विमान सुटलं आणि पॅन अॅमच्या विमानावर आदळलं. 583 माणसं गेली.

दुहेरी अर्थाचा शब्द, गोंगाट, घाई, आपल्याला हवं तेच ऐकू येणं, सगळे अडथळे त्या एका मिनिटात आहेत. पण मला झोप लागू देत नाही ती वेगळी गोष्ट. केएलएमच्या कॉकपिटमध्ये तिसरा माणूस होता, फ्लाइट इंजिनीअर. विमान धावायला लागलं होतं तेव्हा त्याने विचारलं की ते पॅन अॅमचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक. ते ठामपणे म्हणाले, ‘झालंय की.’ इंजिनीअर गप्प बसला.

तो प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. आमच्या मुलींच्या तोंडून, स्वतःच्या तोंडून. ‘सर, तो डोस जरा जास्त नाही ना?’ ‘नाही.’ ‘बरं सर.’ आपण शंका प्रश्नाच्या कागदात गुंडाळून देतो, म्हणजे समोरच्याला राग आला तर ‘मी फक्त विचारलं’ म्हणून मागे सरता येतं. तसाच मऊपणा 1990च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ पडलेल्या आवियांका कंपनीच्या विमानात होता. तासाभराहून अधिक वेळ घिरट्या घालून इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी ‘प्राधान्य द्या’ म्हटलं, इंधन संपतंय असंही म्हटलं, पण टॉवरला धावपळ करायला लावणारा ठरलेला शब्द, ‘इमर्जन्सी’, उच्चारला नाही. 73 जण गेले. नम्रतेने बोलावं, जरूर बोलावं. पण धोका सांगताना त्याचा आकार लहान करून सांगू नये.

मग वरच्याशी कसं बोलायचं? पाणबुड्यांवरच्या नौसैनिकांकडून दवाखान्यांत आलेली एक चार पायऱ्यांची पद्धत आहे, ती मी मुलींकडून घोकून घेत असे: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. रात्री अडीचला झोपलेल्या डॉक्टरांना फोन लावून ‘सर, बेड बाराचे काका जरा ठीक वाटत नाहीयेत’ म्हणालात तर उत्तर येणार, ‘बरं, लक्ष ठेवा.’ त्याऐवजी: ‘सर, बेड बारा, श्वास मिनिटाला 32, ऑक्सिजन 86. संध्याकाळी श्वास 18 होता, ऑक्सिजन 97. कालच ऑपरेशन झालंय. मला हे छातीचं काहीतरी वाटतंय. तुम्ही येऊन बघायला हवं. किती मिनिटांत येताय?’ शेवटच्या दोन वाक्यांना मुलींची जीभ अडखळायची. ‘आपण असं कसं विचारणार?’ म्हणून मी जोड्या लावून खोट्या फोनवर सराव करून घ्यायचे, मी स्वतः चिडके डॉक्टर व्हायचे. मनातल्या मनात करून भागत नाही, तोंडाने म्हणून बघावं लागतं. तुमचा साहेब डॉक्टर नसेल, पण उद्या त्याच्याशी अवघड बोलायचं असेल तर आज ते वाक्य आरशासमोर मोठ्याने म्हणा.

आणि एकदा टोलवलं गेलं तर? दुसऱ्यांदा म्हणा, प्रश्नचिन्ह काढून. ‘सर, हा डोस मला जास्त वाटतोय. देण्याआधी मला तुमच्याबरोबर परत बघायचाय.’ दुसऱ्यांदाही टोलवलं तर त्यांच्याही वरच्याला फोन. असं मी एकतीस वर्षांत चारदा केलं. दोनदा मी बरोबर निघाले, दोनदा चूक. चूक निघाले त्यातल्या एका डॉक्टरांनी पुढे सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तेवढी किंमत धरून चाला.

तुम्हीच वरचे असाल तर काम निम्मं तुमचं आहे. ‘काही शंका?’ हा ‘कळलं का?’चाच सख्खा भाऊ. त्याऐवजी ‘यात माझं काय राहिलं? एक तरी सांगा’ असं विचारा आणि मग गप्प बसा. पहिली शंका काढणाऱ्या मुलीला त्या दिवशी कसं वागवाल त्यावर पुढच्या वर्षभराच्या शंका ठरतात.

ऐकण्याची बाजू

संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. 2009 साली दहा भाषांची तुलना झाली, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच दिसलं. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं शक्य नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रांधत असतो. हा दोष नाही, मेंदूची रीतच आहे. पण काळजीचं बोलणं चालू असेल तेव्हा मुद्दाम रीत मोडावी लागते. समोरचा थांबला की मनात तीन अंक मोजा. बहुतेक वेळा तो दोनवर पुन्हा बोलायला लागतो, आणि खरं काय ते तेव्हा येतं. 1984 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर पेशंटचं पहिलं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडतात असं आढळलं होतं. पेशंट पहिलं सांगतो ते नेहमीच मुख्य असतं असं नाही. दार अर्धं उघडून जाताना, ‘आणि सिस्टर, ते एक राहिलंच...’ म्हणतो, मुख्य ते असतं.

शब्द पोचण्यासाठी आधी आवाज पोचावा लागतो, ही अगदी जमिनीवरची गोष्ट लोक विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दीडशे कोटींहून जास्त माणसांना काही ना काही कमी ऐकू येतं. वयामुळे कान जातात तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. स्वर ऐकू येतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतंय, पण समजत नाही.’ आपण ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथे, आणि वर आपला चेहरा रागावल्यासारखा दिसतो. तर ओरडू नका. टीव्ही बंद करा, समोर या, उजेड आपल्या तोंडावर पडू द्या, पट्टी किंचित खाली आणा, सावकाश बोला. नाही कळलं तर शब्द बदला. माझ्या सासूबाईंना ‘साखर’ ऐकू यायचं नाही, ‘गोड’ यायचं. दहा वर्षांनंतर मी ‘साखर’ म्हणणं सोडलं. आधी सोडायला हवं होतं.

दुभाष्यामार्फत बोलायची वेळ आली तर एकच पथ्य पाळा. बघायचं दुभाष्याकडे नाही, ज्याच्याशी बोलताय त्याच्याकडे. एक वाक्य, थांबा, पुढचं वाक्य. एकदा एक बाई हातवारे करून, डोळे पुसून दोन मिनिटं बोलल्या आणि लेकीने भाषांतर केलं: ‘दुखतंय म्हणते.’ नात्यातला दुभाषी गाळतो, सावरतो, स्वतःला लाज वाटेल ते सांगत नाही. शक्य असेल तेव्हा बाहेरचा माणूस घ्या, आणि लहान मुलांवर हे काम कधीच टाकू नका.

वाईट बातमीचं शास्त्र वेगळं आहे, सगळं इथे लिहीत नाही. एवढंच: पहिल्या वाक्यानंतर समोरच्याला काहीही ऐकू येत नाही. म्हणून ते एक वाक्य बसून सांगा, साध्या शब्दांत, आणि थांबा. फॉर्म, सह्या, पुढच्या तपासण्या नंतर. मी स्वतः एका मुलाला वडिलांचं सांगितलं आणि त्याच श्वासात सामान कुठून घ्यायचं तेही सांगितलं. तो तीनदा परत आला, ‘सामान कुठे म्हणालात?’ तिसऱ्या वेळी मी उठून त्याच्याबरोबर गेले.

रागावलेल्या माणसाचंही जवळपास तसंच. त्याला ‘शांत व्हा’ म्हणून कोणीही कधीही शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याची तक्रार आपल्या शब्दांत त्याला परत सांगा: ‘दोन तास झाले, कोणी काही सांगितलं नाही, असंच ना?’ तो ‘हो!’ म्हणेल, जोरात म्हणेल. त्या ‘हो’नंतर बोलायला सुरुवात करायची, आधी नाही.

देहबोलीचा एक गैरसमज आणि मोबाइल

आमच्याकडे एकदा प्रशिक्षणाला आलेल्या गृहस्थांनी फळ्यावर लिहिलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. हे तुम्हीही ऐकलं असेल. मी हात वर करून विचारलं, ‘मग मी डोस नुसत्या हावभावांनी सांगितला तर 93 टक्के नाही तरी निम्मा कळेल का?’ हशा झाला, उत्तर मिळालं नाही. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतले आहेत. तिथे प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतात आणि सूर-चेहरा वेगळं सांगतो तेव्हा बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या संवादाला तो हिशोब लावायचा नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीही सांगितलेलं आहे. हातांची घडी घातली म्हणजे माणूस मनाने दार लावून बसला, असंही काही नसतं. कधीकधी त्याला थंडी वाजत असते.

मात्र मेसेजमध्ये सूर निघून जातो तेव्हा काय होतं, ते बघण्यासारखं आहे. 2005 साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी लोकांना ईमेलवरून काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला लावली. पाठवणाऱ्यांना वाटलं की चारातली तीन तरी बरोबर ओळखली जातील. वाचणाऱ्यांनी ओळखली निम्म्याहून थोडीच जास्त, म्हणजे नाणं उडवल्यागत. लिहिताना आपल्या कानात आपला सूर वाजत असतो, पुन्हा तेच टेबलावरचं गाणं. आमच्या वॉर्डच्या ग्रुपवर ‘बरं.’ या दोन अक्षरांनी आणि एका पूर्णविरामाने दोन सिस्टर्समध्ये आठवडाभर अबोला होता. जिने लिहिलं होतं ती बसमध्ये उभी होती, एका हाताने टाइप करत होती. माझा नियम साधा आहे. मेसेजमध्ये थट्टा फक्त त्याच्याशी, जो आपल्याला रोज भेटतो. आणि दुसऱ्या उत्तरातच सूर बिघडल्यासारखा वाटला तर तिसरं उत्तर लिहायचं नाही, फोन लावायचा.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी मी स्वतः पेशंट म्हणून गेले. तिथल्या सिस्टर लहान होत्या, माझ्या मुलीएवढ्या, त्यांच्यामागे रांग होती. त्यांनी भराभर सगळं सांगितलं: पट्टा केव्हा बांधायचा, केव्हा काढायचा, व्यायाम किती, बर्फ कधी. मग म्हणाल्या, ‘कळलं ना काकू?’ आणि मी, मी चक्क म्हणाले, ‘हो, कळलं.’ जिन्यापर्यंत आले, कठडा धरला आणि लक्षात आलं की पट्टा झोपताना ठेवायचा की काढायचा हे मला माहीत नाही. मागे फिरायची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलं मिनिटभर तिथेच उभी होते.

मग परत गेले. रांगेतल्या माणसांची माफी मागितली आणि म्हटलं, ‘सिस्टर, मला काय समजलंय ते मी सांगते, चुकलं तिथे थांबवा.’

दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं.